तिसरा हिस्सा पाणी

माणसाला कशाचा हेवा वाटेल याचा काही नेम नसतो. कुणाला शेजाऱ्याच्या मोटारसायकलचा वाटतो, कुणाला भावकीतल्या जावयाचा. तातेराव तौर सरांना वाटला तो कोल्ड्रिंकच्या दीड लिटरच्या रिकाम्या बाटलीचा.

शहागडच्या अलीकडे हायवे सोडून पाच किलोमीटर आत गेलं की त्यांचं गाव, आणि गावाच्या तोंडाशीच हायस्कूल. बावीस वर्षं ते तिथं विज्ञान शिकवत होते. न्यूटनचा तिसरा नियम शिकवावा तर तौर सरांनीच, असं तालुक्यातले मास्तर म्हणायचे. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरा ताणायचा, त्यात बॉलपेनची नळी ओवायची, नळीला फुगवलेला फुगा चिकटवायचा आणि सोडून द्यायचा. हवा मागं, फुगा पुढं. फुगा कपाटावर आपटला की वर्ग टाळ्या वाजवायचा आणि सर बोटांवरचा खडू झटकत म्हणायचे, "क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल." हा फुगा घेऊन ते ओळीनं चौदा वर्षं जालन्याच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनाला गेले होते. शाळेतून एकच प्रयोग जायचा आणि तो त्यांचाच असायचा. बक्षीस एकदाही मिळालं नव्हतं, पण त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. एसटीत चढले की 'विज्ञानाचे सर आले' म्हणून कुणीतरी सरकून जागा द्यायचं, त्यात त्यांना सगळं मिळायचं.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये प्रभावती देवरे मॅडम शाळेत रुजू झाल्या. त्या नाशिककडच्या. नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट, म्हणून त्या इकडं आलेल्या. रोज लुनावरून यायच्या आणि डोक्याला बांधलेला रुमाल सोडायच्या आतच पोरांशी बोलायला लागायच्या. मुख्याध्यापक साहेबराव यांनी त्यांना नववी 'ब' दिली. नववी 'अ' अर्थातच तौर सरांकडं होती. 'ब' म्हणजे गणितात गचके खाणाऱ्यांची तुकडी, तेव्हा मॅडमची तिथं बरी जिरेल असं सरांना वाटलं होतं. ते त्यांनी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं.

महिन्याभरात मॅडमनी पोरांकडून हायवेवरच्या ढाब्यांमागं पडलेल्या बाटल्या गोळा करवल्या. बाटलीला पुठ्ठ्याचे पंख लावले. प्रयोगशाळेतल्या रबरी बुचात भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. बाटलीत थोडं पाणी घालून बूच घट्ट दाबायचं, बाटली तीन विटांच्या मधे उलटी उभी करायची आणि सायकलच्या पंपानं हवा भरत राहायची. हवा मावेनाशी झाली की बूच सुटायचं, पाणी खाली फेकलं जायचं आणि बाटली मैदानाकडच्या लिंबाच्या वर जायची. तेवढ्यावर भागलं असतं तर सरांनी पोरखेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण मॅडमनी कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून पोरांना पन्नास पावलांवर उभं केलं आणि रॉकेट किती उंच गेलं ते मोजायला लावलं. जी पोरं समरूप त्रिकोणाचं नाव काढताच खिडकीबाहेर बघायची, ती मधल्या सुट्टीत जमिनीवर काडीनं त्रिकोण काढून भांडायला लागली. 'अ' मधली पोरं तास चालू असताना खिडकीतून बघायची. सरांचा फुगा कपाटावर आपटला तेव्हा यंदा दोघा-तिघांनीच टाळी वाजवली.

एवढंही सरांनी गिळलं असतं. पण शहागडच्या स्टँडवर एका दुकानदारानं त्यांना हात केला आणि शेजारच्याला सांगितलं, "हे आपले फुगेवाले सर."

त्या दिवसापासून सरांना मॅडमचं काही म्हणजे काही सहन होईना. त्यांच्या लुनाचा आवाज, त्यांचं हसणं, शिपायानं त्यांना आधी दिलेला चहा, सगळ्यानं त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण जळतोय हे त्यांना कळत होतं. पन्नाशीच्या माणसानं बाटलीवर जळावं याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी जळायचे.

एका रविवारी ते पंप आणि बाटली घेऊन शेतात गेले. मॅडमपेक्षा उंच उडवून दाखवायचं होतं, पण आधी कुणी बघायला नको होतं. विहिरीवर त्यांनी बाटली काठोकाठ भरून पाहिली. ती वीतभर उठून आडवी झाली आणि सगळं पाणी धोतरावर. नुसत्या हवेवर सोडली, ती फटकन वाजून विहिरीकाठच्या शेवग्याइतकी उंचही गेली नाही. मग अर्धी, मग पाव, असं करत दुपारपर्यंत त्यांनी बरोबर माप काढलं. तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा. तेवढं धरलं की बाटली शेवग्याच्या दुप्पट वर जात होती.

"काय करून राह्यले ओ?" भाकर घेऊन आलेली त्यांची बायको नंदाबाई बांधावरून म्हणाली. "ल्हान झाले का आता?"

"शास्त्र आहे हे," सर म्हणाले.

"मंग शास्त्रानं धोतर बदला. जेवाया बसायचंय."

सरांना त्या दिवशी खरं तर मौज वाटली होती. वर जाणारी बाटली बघताना क्षणभर ते मॅडमना विसरले होते. पण सोमवारी लुना दिसली आणि सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. आता बाटली उडवावी तर मॅडमची नक्कल केल्यासारखं झालं असतं. ते गप्प बसले.

सप्टेंबरात जालन्याला कुठला प्रयोग पाठवायचा ते ठरवायला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले. यंदा पहिल्यांदाच दोन प्रयोग होते. साहेबरावांनी मैदानात खुर्च्या मांडल्या, सरपंचांना बोलावलं, आणि कुंपणाबाहेर निम्मं गाव जमलं. अधिकाऱ्यांनी आधी वर्गात सरांचा फुगा बघितला. फुगा कपाटावर आपटला. अधिकारी म्हणाले, "छान. गेल्या वर्षीही हाच होता ना?" सरांनी मान हलवली. तो प्रश्न त्यांना कानाखाली मारल्यासारखा लागला होता.

मैदानात मात्र गडबड उडाली होती. सरावात बाटली चिरली म्हणून मॅडमनी ऐनवेळी नवी काढली होती. जुनीला पाण्याच्या मापाचा लाल दोरा बांधलेला होता, नवीला तो राहून गेला. आणि पाणी भरायचं काम जिचं, ती बेबीनंदा मामाच्या गावाला गेलेली. तिच्या जागी शिवकन्या उभी राहिली. शिवकन्या म्हणजे पन्नास पावलांवर कोनमापक धरणारी. उंची तिच्याइतकी कुणी अचूक सांगायचं नाही, पण पाणी भरताना तिनं कधी जवळून बघितलं नव्हतं. तेवढ्यात साहेबरावांनी ओळख करून द्यायला मॅडमना हाक मारली. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "शिवकन्या, पाणी बरोबर भर हं."

मॅडमच्या नाशिकच्या बोलीत त्याचा अर्थ नेमकं भर, मापात भर. शिवकन्येच्या घरात बराबर म्हणजे तोंडाबराबर. तिची आई गोजरबाई हापशावर रोज हेच सांगायची, "हंडा बराबर भर, दोन खेपा व्हयाच्या न्हाईत." पोरीनं बाटली तोंडाबराबर भरली. उचलली तेव्हा तिला ती जड लागली. तिनं इकडं तिकडं बघितलं. जवळ तौर सर उभे होते.

"सर, पाणी बराबर हाय का?"

सरांनी बाटलीकडं बघितलं. बुचाला लागेपर्यंत पाणी. 'दोन हिस्से ओतून टाक' एवढंच म्हणायचं होतं. पोरगी तोंडाकडं बघत उभी होती, मान वर करून, उत्तर मिळणारच अशा खात्रीनं. सरांच्या डोळ्यांपुढं जालना आलं, चौदा वर्षं आली, स्टँडवरचा दुकानदार आला.

"बराबर आहे," ते म्हणाले, आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसायला लागले.

पोरांनी दहापासून उलटे आकडे म्हटले. पंप मारणाऱ्याचे चार हात होतात न होतात तोच बूच निसटलं. बाटली वीतभर उठली, खुर्च्यांच्या बाजूला कलंडली आणि तिनं सगळं पाणी अधिकाऱ्यांच्या पँटीवर ओतलं. कुंपणाबाहेरून कुणीतरी म्हणालं, "मॅडमचं राकेट मुतलं," आणि गाव हसून हसून लोळलं. मॅडमनी दुसरी संधी मागितली. अधिकारी मोजे पिळत म्हणाले, "फुगाच पाठवा. निदान कोरडा तरी आहे."

खोटं कशाला सांगा, सरांना आनंद झाला. घरी जाताना ते शीळ घालत होते. फक्त शिवकन्या लिंबाखाली तोंड झाकून बसलेली त्यांना दिसली होती, तिकडं त्यांनी परत बघितलं नाही. जेवताना नंदाबाई म्हणाली, "पाणी लई भरलं असंल त्या पोरीनं. तुमी व्हते की तिथं." सरांनी ताक मागितलं.

सोमवारी ते मुद्दाम 'ब' तुकडीकडं गेले. जिंकलेल्या माणसाला चार गोड शब्द बोलायची हौस असते. मॅडम पोरांना मैदानात घेऊन बसल्या होत्या, पुढं बाटली, पंप आणि बादली.

"मनाला लावून घेऊ नका मॅडम," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"आम्ही चूकच शोधतोय, सर," मॅडम म्हणाल्या. "पाणी जास्त झालं, हे कळलं आता."

शिवकन्या उभी राहिली. "मी भरलं जास्त. मला बराबर म्हंजे काठापर्यंत वाटलं."

"मग कुणाला विचारायचं नाही का?"

"इचारलं व्हतं." पोरगी थांबली. "तौर सरला."

मॅडमनी सरांकडं बघितलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते काही बोलणार, तोच शिवकन्या घाईनं म्हणाली, "पण मॅडम, सरचा कसूर न्हाई. सरला ह्यातलं कळत न्हाई ना. त्यांचं फुग्याचं हाय. मीच चुकीच्या माणसाला इचारलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोरांनी नुसत्या माना हलवल्या, जणू हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून इतके दिवस कुणी बोललं नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावरचा संशयही निवळला. तिथं आता समजूतदारपणा आला, आणि तो सरांना सोसवला नाही.

"कळत नाही?" ते म्हणाले. आवाज इतका चढला की 'अ' च्या खिडकीत डोकी आली. "मला कळत नाही? तिसरा हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा! माझ्या विहिरीवर मी स्वतः काढलंय माप. काठोकाठ भरली की वीतभर उठून आडवी पडते, हे तुमच्या आधी मला ठाऊक होतं. त्या दिवशी बाटली बघितली तेव्हाच मला..."

तिथं त्यांना ऐकू आलं आपण काय बोलतोय ते.

शिवकन्या त्यांच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एखादं गणित पुन्हा करून बघावं तसं तिच्या मनात काहीतरी चाललं होतं, आणि ते सुटलेलं सरांना स्पष्ट दिसलं. मग तिनं मान खाली घातली.

"सर, तुमचा तास सुरू झालाय," मॅडम हळू म्हणाल्या. बाटलीपासून उठून त्या पार मैदानाच्या टोकाला गेल्या, पन्नास पावलं मोजायला.

शिवकन्येनं बादलीतून बाटलीत पाणी घातलं. लाल दोरा अजून बांधायचा होता. तिनं बाटली डोळ्यासमोर धरली, थोडं ओतलं, पुन्हा धरली. सर तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ती उठली, त्यांना वळसा घालून निघाली आणि बाटली दोन्ही हातांत जपून धरून अख्खं मैदान ओलांडत मॅडमना दाखवायला गेली.

पाणी नेमकं तिसरा हिस्सा होतं. सरांना ते जागेवरून दिसत होतं, आणि सांगायची त्यांची फार इच्छा होती.