बोटातला ऑक्सिजन

फ्लोरा पेणकर पेणच्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं नर्स होती. निवृत्तीनंतर ती रोह्याला एकटीच राहायची. एका शुक्रवारी सकाळी पीठ मळता मळता तिचा जबडा दुखू लागला, मग पाठ. अंगाला दरदरून घाम सुटला. शेजारच्या गुणाजीनं तिला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर अजून आले नव्हते. कंपाउंडर प्रवीणनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला.

"अठ्ठ्याण्णव! ऑक्सिजन एकदम मस्त हाय, मावशी. गॅस झाला असेल. गोळी घेऊन पडा घरी."

"बोटापर्यंत पोचतोय रे. हृदयाच्या स्नायूला मिळतोय का, ते हा चिमटा सांगत नाय. ईसीजी काढ."

"डॉक्टर अकराला येतील. मशीनला हात लावायचा नाय."

"मग मला इथून उचलून दाखव," म्हणत फ्लोरा मशीनजवळच्या खाटेवर आडवी झाली. पडदा ओढून तिनं एकेक वायर स्वतःच चिकटवली आणि बटण दाबलं. कागदावरच्या रेषा जिथं खाली यायला हव्यात तिथं वरच राहिल्या होत्या.

"हार्ट अटॅक हाय. गुणाजी, मोठ्या दवाखान्यात. आत्ता."

तिथं डॉक्टर अनन्यानं ईसीजीची पट्टी पाहताच ॲस्पिरिन चघळायला दिली आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू केलं. पाऊण तासानं दुखणं ओसरलं, पण मॉनिटरवरचे ठोके अचानक वेडेवाकडे पळू लागले. गुणाजी घाबरला. "डॉक्टर, बाई चालल्या का?"

"नाही, रक्त परत येतंय," अनन्या मॉनिटरवरून नजर न हलवता म्हणाली. "इतका वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूला एकदम ऑक्सिजन मिळाला की तो असा धडपडतो. पण धोका टळलेला नाही."

"मशीनकडं काय बघतेस, माझ्याकडं बघ," फ्लोरा पुटपुटली. "मी कुठं जात नाय."

दहा मिनिटांनी ठोके जागेवर आले. दुसऱ्या दिवशी तिला पनवेलला नेऊन हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली. हृदयाचा थोडा भाग मेला होता, बाकीचा वाचला.

इस्राएलला राहणारा मुलगा नथानियल फोनवर म्हणाला, "आई, आता इकडंच ये."

"नाय. इथं काम हाय."

महिन्याभरात तिनं गल्लीतल्या ठमाबाईच्या पडवीत दर गुरुवारी बायका जमवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "जबडा, पाठ दुखून घाम सुटला आणि ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय कुणी घरी जा म्हणालं ना, तर उठू नका गो."