दोन अधिवेशनांचा फळा

मंगळवारी सकाळी सहावी ‘ब’च्या खोलीचे कुलूप निघाले, मुले बाकांवर स्थिरावली, आणि रमाबाईंची नजर फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर जाऊन अडखळली. आदल्या दिवशी त्यांनी लिहिलेले वाक्य तिथे होते. पण ते त्यांचे राहिले नव्हते.

‘द सिझर्स इज इन द बॉक्स,’ असे त्यांनी लिहिले होते. आता ‘इज’च्या ठिकाणी ‘आर’ होते. दोन इंग्रजी अक्षरांच्या जागेत तीन अक्षरे अंग चोरून बसली होती. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की ती अक्षरे हुबेहूब रमाबाईंची होती. तोच उजवीकडचा कल, शेवटच्या अक्षराला तीच उगीच लांबवलेली शेपटी. परक्या अक्षरात कोणी लिहिले असते, तर त्या नुसत्या चिडल्या असत्या. इथे मात्र आरशातल्या प्रतिबिंबाने आपल्याआधी ओठ हलवावेत, तसे काहीतरी झाले, आणि खडू हातात घ्यायचेही त्यांना क्षणभर सुचले नाही.

पनवेलच्या त्या शाळेत खोल्या थोड्या आणि मुले उदंड, म्हणून शाळा दोन अधिवेशनांत भरे. सकाळी ज्या बाकांवर सहावी बसे, त्याच बाकांवर दुपारी आठवी. फळाही एकच. मधोमध उभी रेघ. डावा भाग सकाळचा, उजवा दुपारचा. ज्याला आपला मजकूर उद्यापर्यंत हवा असेल त्याने त्याभोवती चौकट आखून कोपऱ्यात ‘पुसू नये’ असे लिहायचे, आणि दुसऱ्याने त्या दोन शब्दांचा मान राखायचा. हा नियम कोणी केला नव्हता. पण तो मोडल्याचेही कोणाला आठवत नव्हते.

रमाबाई मूळच्या मराठीच्या. त्या कविता शिकवू लागल्या की व्हरांड्यातून जाणारा शिपाईदेखील चपला हातात घेऊन जाई. पण त्या वर्षी, २००८ साली, शाळेची एक तुकडी घटली, मराठीच्या तासिका कमी पडल्या, आणि संस्थेने त्यांना सहावीचे इंग्रजी घ्यायला सांगितले. ते निभावले नाही तर त्या ‘अतिरिक्त’ ठरणार होत्या, आणि अतिरिक्त ठरलेल्यांची रवानगी संस्थेच्या म्हसळ्याच्या शाळेत होई. मुलगी चारुता पुढच्या वर्षी दहावीला, नवरा विश्वजीत बेलापूरच्या कचेरीत. म्हसळा म्हणजे घराची दोन शकले. त्या इंग्रजीच्या तासिका ही रमाबाईंच्या पायाखालची जमीन होती, आणि तीच कोणीतरी आतून पोखरत होते.

‘कोणीतरी’ तरी कशाला म्हणायचे? दुपारी त्या फळ्यापुढे उभी राहणारी व्यक्ती एकच होती: जास्मीन मुकादम. मुकादमांचे घर पनवेलचेच. वडील बहारीनला नोकरीला, त्यामुळे जास्मीनची सातवीपर्यंतची शाळा तिकडची. इंग्रजी तिच्या तोंडून असे येई, जणू ते बोलायला तिला श्वासही वेगळा घ्यावा लागत नाही. ती शिक्षणसेवक होती. तीन वर्षांची ती कच्ची नोकरी आता शेवटच्या वर्षात आली होती. सकाळच्या अधिवेशनात इंग्रजीची एक जागा मोकळी झाली, तर ती कोणाच्या पदरात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

संध्याकाळी रमाबाईंनी गाइड उघडले. कात्री, चष्मा, विजार, सांडशी. दोन भाग सांधून झालेल्या असल्या वस्तू इंग्रजीत अनेकवचनी, त्यांना ‘आर’च लागते. चूक त्यांचीच होती, आणि ते कळल्यावर राग उतरण्याऐवजी दुणावला.

“अहो, तुमचा चष्मा एक की दोन?”

विश्वजीत वर्तमानपत्रातले शब्दकोडे कापून काढत होते. “एकच. का?”

“इंग्रजीत तो दोन असतो.”

“असेल. साहेबाचा एकेक डोळा वेगळीकडे बघतो. आणि पँट?”

“तीही दोन.”

“म्हणजे आज मी दोन पँटी घालून बेलापूरला गेलो होतो! तरीच म्हटलं एवढं उकडतंय का.” ते आपल्याच विनोदावर हसले आणि हातातली कात्री हवेत कचाकच चालवू लागले.

“रिकामी कात्री वाजवू नका. भांडणं होतात.”

“आपल्यात?”

“कुणातही,” रमाबाई म्हणाल्या आणि पुस्तकात डोके घालून बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जपून पाऊल टाकले. अनेकवचन पक्के डोक्यात ठेवून चौकटीत लिहिले, ‘अ पेअर ऑफ सिझर्स आर शार्प.’ दुसऱ्या दिवशी तिथे ‘इज’ होते, आणि या खेपेला रिकाम्या उरलेल्या जागेत ती लांब शेपटी ऐसपैस पसरली होती. गाइडाचे पुढचे पान सांगत होते, की ‘पेअर’ म्हटले की जोडी एक झाली, क्रियापदही एकवचनी. रमाबाईंना वाटले, अंधारात कोणीतरी समोर उभे आहे. आपण एक म्हटले की ते दोन म्हणते, दोन म्हटले की एक.

“बाई, काल तुमी ‘आर’ लिवलं व्हतं,” गव्हाण गावाहून येणारी एक मुलगी म्हणाली.

“तू नीट पाहिलं नसशील.”

“नाय बाई, पायलं ना. वहीत पन तसंच हाय.”

“मग वहीत नीट कर आणि खाली बस.”

त्या दिवशी सकाळचे अधिवेशन सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. चौकटीत मुद्दाम एक चुकीचे वाक्य सोडून त्या समोरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीआड उभ्या राहिल्या. दुपारची मुले अजून मैदानात होती. जास्मीन आली, पर्स खुर्चीला अडकवली, फळ्याकडे पाहिले आणि बोटाचे टोक जिभेला लावून एक शब्द अलगद पुसला. मग खडू तिरका धरून, मान वाकडी करून तिने लिहिले. उंबऱ्याशी रांगोळी घालावी इतके मन लावून. तेवढ्यात पर्यवेक्षक उदयसिंह सर खोलीत शिरले. दोघे फळ्यासमोर काही बोलले. मग दोघेही हसले.

ते हसू रमाबाईंनी काचेपलीकडून पाहिले. आवाज आला नाही. आवाज आला असता तर कदाचित पुढचे काही घडले नसते.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “सर, माझ्या फळ्याला हात लावला जातो. ‘पुसू नये’ लिहिलेलं असूनही.”

“फळा आता माझा-तुझा झाला का, बाई? उद्या खडूंच्याही वाटण्या मागाल!” सर गणिताचे, त्यामुळे कोणत्याही तक्रारीला आधी विनोदाने भागून पाहायची त्यांना सवय. “काय बदललं जातं?”

इथे रमाबाई थबकल्या. खरे सांगावे तर आपलीच चूक आपल्याच तोंडाने कबूल करायची. आणि ज्याने काल जास्मीनबरोबर हसून घेतले, त्याला ते ठाऊक नसेल कशावरून? हा भोळेपणाही ठरवून पांघरलेला असेल. त्यांच्या ओठांवर शब्द आले ते त्यांनाही नवे होते.

“माझी बरोबर वाक्यं जास्मीनबाई चुकीची करून ठेवतात.”

सरांच्या चेहऱ्यावरचे हसू विरले. “हे गंभीर आहे. माझं इंग्रजी बेताचंच. पण उद्या दुपारची घंटा व्हायच्या आत गाइड घेऊन येतो. तुम्ही थांबा. आपण डोळ्यांनी पाहू.”

दुसऱ्या दिवशी रमाबाईंनी फळ्यावर लिहिले, ‘माय ट्राउझर्स आर वेट.’ वाक्य निर्दोष होते, आणि तीच अडचण होती. निर्दोष वाक्याला जास्मीन हात लावणार नाही, हे त्यांना आता पुरते कळत होते. मुले गेली. खोलीत डब्यांचा वास रेंगाळत होता. खोटे एकदा बोलले की त्याला हातपाय आपणच द्यावे लागतात. रमाबाईंनी डस्टरच्या कडेने ‘आर’ पुसले आणि तिथे ‘इज’ लिहिण्यासाठी फळ्याच्या उजव्या भागावरचे जास्मीनचे गोल, मोकळे अक्षर न्याहाळू लागल्या. जिने आपले अक्षर चोरले, तिचे आता आपण चोरायचे. खडू फळ्याला टेकला.

“बाई, ‘आर’च बरोबर होतं. का खोडलंत?”

जास्मीन दारात उभी होती.

“तुला काय करायचंय? आजवर तूच खोडत आलीस ना?” रमाबाईंचा आवाज चिरकला.

“हो, मीच,” जास्मीन म्हणाली. तिने नाकारले असते तर सोपे गेले असते. “तुमच्या सहावीतल्या पोरांची थोरली भावंडं माझ्या आठवीत आहेत, बाई. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, टीचर, हे चुकलंय ना? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ही पोरं घरी सांगणार, आईबाप शाळेत येणार. तोबा! म्हटलं, रोज पोरं आत यायच्या आधी आपणच येऊन नीट करावं.”

“मग सरळ पुसून टाकायचंस.”

“‘पुसू नये’ लिहिलेलं कसं पुसू? तेवढी तमीज आहे मला. आणि माझ्या अक्षरात लिहिलं असतं, तर दुरुस्ती केलीय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.”

“मला सांगता येत नव्हतं?”

“दोनदा आले होते स्टाफरूममध्ये. मला पाहिलं की तुम्ही कपाटात काहीतरी शोधायला लागता.”

हे खरे होते. रमाबाईंना कपाटाची ती गार कडी आठवली. तरी त्यांनी शेवटचे हत्यार काढले. “आणि परवा सरांबरोबर इथेच हसत होतीस, ते?”

“सर फळा वाचायला लागले होते! मी म्हटलं, सर, तुमच्या पाठीवर कुणाचातरी खडूचा पंजा उमटलाय. ते वळले, हसायला लागले. मग मीही हसले. काय करणार?”

इतके नेटके उत्तर पाठ केल्यावाचून देता येते का? रमाबाईंचे मन अजूनही कडीकोयंडे तपासत होते. एवढ्यात व्हरांड्यात पावले वाजली, आणि उदयसिंह सर गाइड उघडे धरूनच आत आले.

“कुठे आहे ते वाक्य?” त्यांनी फळ्यावर बोट ठेवले. “इथे तर शब्दच नाही. कोणी पुसला?”

डस्टर रमाबाईंच्या हातात होते. पण सरांचे डोळे जास्मीनवर गेले होते. तक्रार तिच्याविरुद्ध होती, आणि डोळे तक्रारीच्या मागून जातात.

“जास्मीनबाई, एप्रिलमध्ये तुमचा अहवाल माझ्याच सहीने जायचाय. दुसऱ्याच्या मजकुरात ढवळाढवळ करणाऱ्याला मी कायम कसं करू? तुम्हाला काही सांगायचंय?”

जास्मीनने रमाबाईंकडे पाहिले आणि नजर खाली केली.

आता रमाबाईंना काही करायचे उरले नव्हते. नुसते गप्प राहायचे होते. गप्प राहिल्या की सहावीचे इंग्रजी राहणार होते, घर एकसंध राहणार होते. मैदानातून दुपारच्या मुलांचा गलका जवळ येत होता. ही पोरगी का बोलत नाही? बोलली असती तर आपण प्रतिवाद केला असता, आणि भांडणात माणसाला आपली लाज दिसत नाही. तिने आपल्यापुढे नुसती शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत रमाबाईंना आपल्या हातातल्या खडूचे वजन जाणवू लागले.

“सर, तो शब्द मी पुसला,” त्या म्हणाल्या. “या कधीच काही बिघडवत नव्हत्या. चुका माझ्या असायच्या. या नीट करायच्या. काल मी तुमच्याशी खोटं बोलले.”

सरांनी गाइड मिटले. कव्हरवरून एकदा अंगठा फिरवला. “हे माझ्या कानावर आलं नसतं तर बरं होतं, बाई. आता सहावीचं इंग्रजी तुमच्याकडे ठेवता यायचं नाही. अतिरिक्तांच्या जूनच्या यादीत तुमचं नाव जाईल.”

“जाऊ दे.”

ते गेले. घंटा झाली. जास्मीन रमाबाईंवर चिडली, खरोखर चिडली. “काय गरज होती, बाई? सर चार दिवस ओरडले असते, विसरले असते. मी सांभाळलं असतं ना!”

रमाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चिडण्याच्या तळाशी, डोळ्यांच्या एखाद्या कोपऱ्यात, रिकाम्या होणाऱ्या जागेचा आनंद कुठे चमकतो का, हे त्या अजूनही शोधत होत्या. तो सापडला नाही. सापडला नाही म्हणून त्यांनी पुन्हा पाहिले. आणि आपण पुन्हा पाहिले, हे जास्मीनला कळले आहे, हेही त्यांना दिसले. आठवीची मुले धडधडत आत शिरली. रमाबाई त्यांच्या उलट दिशेने, गर्दीत अंग चोरत, दाराकडे वाट काढू लागल्या.