तीन कडा

“बाबा, लिली उपटलीत तुम्ही.”

सासरे अंगणाच्या पायरीवर बसले होते. पायाशी हिरव्या, चकचकीत पातींचा ढीग. ढिगापलीकडे माझी दीड वर्षांची लेक, एका बुटाला घुंगरू बांधलेली, ओल्या मातीत बोटं खुपसत होती. मी आधी तिचं तोंड उघडून बघितलं. आत काही नव्हतं.

“लिली नाही ती,” बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत. वर्षभर हे असंच चाललं होतं. सुनेशी बोलायचं ते भिंतीला सांगायचं. आधी वाटलं, राग आहे. मग एकदा त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि मला वेगळीच शंका आली. तेव्हापासून मी पाळतीवर होते. आई झाल्यापासून तेवढं एक काम मला नीट जमतं.

सोमवारी माझी रजा संपत होती. सकाळी नऊपासून नवरा दोनला घरी येईपर्यंत लेक बाबांजवळ राहील, असं ठरलं होतं. पाळणाघराचा फॉर्म मात्र मी कुणाला न सांगता भरून पर्समध्ये ठेवला होता. ज्यांना लिली आणि गवत यातला फरक दिसत नाही, त्यांना हिच्या तोंडातलं बटण कसं दिसणार?

“मी स्वतः लावलेत इथे कंद,” मी म्हणाले.

“तुझे कंद त्या कडेला आहेत, शाबूत. ह्यातली एक काडी घे. डोळे मीट. आता दोन बोटांत धरून फिरव.”

मी निमूट फिरवली. काडी सरळ फिरेना. अडत अडत फिरली.

“कडा लागतायत.”

“किती?”

“तीन.”

“गवताची काडी गोल नि पोकळ. लिलीचं पान चपटं. तीन कडा आणि आतून भरीव, म्हणजे लव्हाळा. लहान आहे तोवर ओल्या मातीतून मुळासकट येतो. एकदा बी धरलं, की तू उपटत बस आणि तो उगवत बसेल.”

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर, तेही उलटं, बोटांनी चाचपून ओळीत बसवायचं. काना कुठला आणि दंड कुठला, हे त्यांची बोटं सांगायची म्हणे.

“पण आला कुठून एवढा?”

“रागावशील.”

“नाही रागावत, सांगा.”

“तुझ्या त्या निळ्या कुंडीतून.”

निळी कुंडी माझी लाडकी. रोपवाटिकेतून ‘शोभेचं गवत’ म्हणून आणलेली. छत्रीसारखे तुरे येतील, असं तिथला माणूस म्हणाला होता. तुरे येत नाहीत म्हणून मी तिला वरचेवर खत घालत होते. आता वाकून एक काडी चाचपली. तीन कडा. आणि प्रत्येक काडीचं टोक कात्रीने छाटलेलं.

“तुरे तुम्ही कापत होतात?”

“हिरवे असतानाच. तपकिरी झाले की बी सांडतं. कापलेले पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायचे, खताच्या खड्ड्यात नाही. पहिला तुरा माझ्या हातून निसटला, त्याची ही पिलावळ.”

“मग बोलायचंत की.”

“पोर झाल्यापासून तू हौसेनं आणलेली ती पहिली वस्तू. म्हटलं, असू दे. चूक लेखकाची असली तर जुळाऱ्याने तोंड उघडू नये.”

मला हसू आलं, आणि लगेच पर्समधला फॉर्म आठवला. विचारूनच टाकलं.

“बाबा, दिसतं किती तुम्हाला?”

त्यांनी कात्री मिटून पायरीवर ठेवली.

“मधला मजकूर पुसलाय. कडेचा समास तेवढा दिसतो, म्हणून ज्याला बघायचं त्याच्या शेजारी बघतो. हलणारं सगळं कळतं. तोंड मात्र कुणाचंच नाही.”

“आणि ही तोंडात काही घालते, ते?”

“घुंगरू थांबलं की हिच्या तोंडात काहीतरी असतं. मग मी बोट घालतो. परवा खडू निघाला. तूच दिला होतास तो. घुंगरू काय मी शोभेसाठी बांधलंय?”

मी वाकून लेकीच्या बुटावरची गाठ चाचपली. घट्ट होती.

“एक मात्र कर. फाटकाला वर एक कडी बसवून घे. खालची हिला उघडायला येते, आणि तिथवर मी वेळेत पोचेन, असं मी छातीठोक सांगणार नाही.”

फॉर्म भरताना पाळणाघराच्या बाईंनी मला सगळं छातीठोक सांगितलं होतं.

रविवारी नवऱ्याने वरची कडी बसवली. मी निळी कुंडी स्वतः रिकामी केली, मुळांचा गड्डा पिशवीत घट्ट बांधला. लेकीच्या दुसऱ्या बुटालाही घुंगरू बांधलं. फॉर्म फाडला नाही. घडी घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

सोमवारी फाटकाबाहेर जाऊन मी वरची कडी लावली. लेक रडलीसुद्धा नाही, दोन्ही बूट आपटत अंगणभर सुटली.

“येते, बाबा.”

पायरीवरून त्यांनी मान उचलली आणि माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघितलं. नीट, बराच वेळ. भिंतीवर काहीच नव्हतं.

त्यांचं बघून होईपर्यंत मी हात हलवत राहिले.