बटणाचा कॅमेरा

“ह्येचं बटान कुटं हाय गं?” आत्यांनी कॅमेरा उलटा केला, तसा मी घाईने खाली हात धरला.

“बटण नाही आत्या. काचेवरच बोट टेकवायचं.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रंभाबाई. भवानी पेठेतल्या गुरुशांतच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आम्ही दोघी उभ्या होतो आणि माझ्या कडेवर अकरा महिन्यांचा आदी. परवा करमाळ्याला कमळाभवानीपाशी त्याचं जावळ. गेल्या महिन्यात माझा फोन बादलीत पडला आणि आदीचे जन्मापासूनचे सगळे फोटो गेले. आता निदान हे कुरळे केस तरी वस्तरा लागायच्या आत हवे होते. माझा नवरा दिपक म्हणाला, “नवा फोनच घे की.” पण फोनवरचा माझा विश्वासच उडाला होता. आठवडाभर कॅमेऱ्यांची माहिती वाचत होते. सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“ताई, हा पळत्या पोराचाबी डोळा पकडतो, फोटो हललेला येत न्हाय,” गुरुशांत म्हणाला. माझं ठरलंच होतं.

आत्यांनी काचेवर बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं.

“मशिनीला मी दिसंना व्हय?” त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. तीस वर्षं मागवाल्यांकडे सुताच्या कांड्या भरून त्यांच्या बोटांची टोकं पार निबर झाली होती; काचेला ती कळतच नव्हती. माझा फोनही त्या नेहमी परत द्यायच्या, “तूच काड,” म्हणायच्या. मला वाटायचं, घाबरतात.

परवा आदी मामाच्या मांडीवर बसेल, वस्तरा बघून रडेल, आणि मग त्याला मलाच धरावं लागेल. तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात?

“बटणाचा आहे का एखादा?”

गुरुशांतने खालच्या कप्प्यातून एक छोटा चंदेरी कॅमेरा काढला. “हाय की. पण ह्यो डोळाबिळा न्हाय पकडत, ताई.”

“नसू दे.”

आत्यांनी बटण दाबलं. टिक.

“वाजलं की गं,” त्या म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे वळल्या. “धर त्येला नीट. हलू दिऊ नको.” हात लांब करून, श्वास रोखून त्यांनी आदीवर नेम धरला. टिक.

आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो. आदीच्या भुवयांच्या खालचं काहीच आलं नव्हतं. चौकटभर नुसते केस, एका बटेत बिस्किटाचा चुरा.

“मावशी, तोंडच कापलं की तुमी,” गुरुशांत म्हणाला. “पुसू का?”

“हात लावू नगं. तोंड काय, रोज बगायचंच हाय. क्यास परवा जात्याल.”

मला इतका आनंद झाला की तिथेच त्यांचा हात धरावासा वाटला. “आत्या, दिपकचं जावळ पण असंच कुरळं होतं?”

त्यांनी पडद्यावरच्या केसांवरून अंगठा फिरवला.

“लई येळा आठवून बगितलं,” त्या म्हणाल्या. “न्हाय आठवत.”

मग पदर सावरून त्यांनी कॅमेरा पुन्हा डोळ्यांपुढे धरला.