पाय लागला म्हणून

हौशीराम रेफरी मैदानात धावायचा तेव्हा आधी त्याची शिट्टी पोचायची, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी, पोचलीच तर, नजर. हे कादरचं मत. लोणावळ्याच्या त्या फायनलनंतर घोरावाडी स्टेशनाबाहेरच्या आपल्या सायकलच्या दुकानात तो ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होता. पंक्चर काढायला ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, मग ठिगळ लावायचं. हौशीराम असता तर त्यानं न बघताच चाक फेकून दिलं असतं, असं वर म्हणायचा.

झालं होतं ते असं. कादरनं चार गावच्या पोरी गोळा करून फुटबॉलची एक टीम उभी केली होती. त्यातली तेजल डोंगरातल्या वाडीवरची, सावित्राबाईची लेक. बचावात खेळायची. लहानपणापासून करवंदीच्या जाळ्यांतून शेरडं हाकललेली पोर; तिच्या बाजूनं पुढं जायला चेंडूसुद्धा कचरायचा.

फायनल संपत आली होती आणि गोल कुणाचाच नव्हता. समोरच्या टीमची सृष्टी चेंडू घेऊन आत घुसली. तेजलनं तिच्या पायातला चेंडू स्वच्छ काढून बाहेर मारला. चेंडू गेला, सृष्टी मात्र आपल्याच वेगात अडखळून पालथी पडली. तिच्यावर पाय पडू नये म्हणून तेजलनं वरून उडी घेतली, तरी बुटाचं टोक सृष्टीच्या खांद्याला ओझरतं लागलंच. तेजल वाकली, तिच्या खांद्याला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला. माणसाला पाय लागला की घरात, शाळेत, एसटीत आपण सगळेच करतो, तसा नमस्कार.

हौशीराम त्या वेळी मैदानाच्या मध्यावर पाठमोरा उभा राहून लाइनमनला झेंडा कसा धरायचा ते शिकवत होता. ओरडा ऐकून वळला, तेव्हा त्याला दिसलं एवढंच की एक पोरगी खाली पडलीय आणि दुसरी तिला नमस्कार करतेय. म्हणजे गुन्हेगारानं आपण होऊन कबुली दिली. हौशीरामनं शिट्टी फुंकली, पेनल्टीकडे बोट केलं आणि तेजलला लाल कार्ड दाखवलं.

गंमत अशी की खुद्द सृष्टी उठून म्हणाली, "सर, मी माझी मीच पडले."

हौशीराम तिला म्हणाला, "बाळ, पडणं तुझं काम. न्याय देणं माझं."

गोलात उभी असलेली कादरच्या टीमची अम्मारा एकीकडे झेपावली, चेंडू दुसरीकडे गेला, आणि कप लोणावळ्यातच राहिला. कपाचं कादरला दुःख नव्हतं. त्यात धड चहाही पिता येत नाही. दुःख तेजलचं होतं. येत्या रविवारी पुण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. लाल कार्ड मिळालेल्या मुलीला पुढचा सामना बंद, आणि पुढचा सामना नेमका निवडीचा. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. म्हणजे तिचं जिल्ह्याकडून खेळणं कायमचंच संपलं.

कादर स्पर्धेच्या कमिटीकडे गेला. कमिटीनं चहा पाजला, माना डोलावल्या आणि सांगितलं की रेफरीचा शब्द अखेरचा. त्यानं स्वतः चूक झाली म्हटलं तरच कार्ड मागे घेता येईल. कादरनं हौशीरामला फोन लावला. हौशीराम म्हणाला की वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. जशी काही ती शंकराच्या डमरूतूनच निघाली होती.

मग कादर वाडीवर गेला, तेजलला समजवायला. नमस्कार-बिमस्कार मैदानाबाहेर ठेवत जा, म्हणाला. सावित्राबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मान्साला पाय लागला तर काय करावं मंग, कादरभाऊ? थुकावं?"

"तसं नाही, सावित्राबाई. तो रेफरी..."

"त्यो कुटला हाय?"

"इंदुरीचा. टाळकरी आहे तिथल्या भजनात."

"टाळकरी!" सावित्राबाई हसली ती खोकला लागेपर्यंत. "आन् त्येला नमस्कार कशाचा त्ये कळंना व्हय? उद्या तितं काला हाय. मी तं जानारच हाय. तुमीबी चला. बगू तरी कसलं ध्यान हाय."

तेजल दारात बसून बुटांना लागलेला चिखल काडीनं काढत होती. बूट तर आता लागणारच नव्हते.

इंदुरीच्या सप्ताहाचा काला कादरनं सहसा चुकवला नव्हता. त्याच्या वडिलांनाही कीर्तनाचा नाद होता. मांडवाचा एक खांब त्यांच्या टेकण्यानं गुळगुळीत झाला होता, आणि आता त्याला कादर टेकायचा. त्या दिवशी बुवा मोठे रंगात होते. गोपाळांच्या शिदोऱ्या सोडता सोडता त्यांनी चरण घेतला तो मधला एक सोडूनच. मृदंग पुढं गेला, आणि बुवा थांबले. हात जोडून म्हणाले, "मंडळी, चुकलो. मृदंगवाले, परत समेवर या." सगळा मांडव मायेनं हसला. बुवांनी चरण पहिल्यापासून उचलला आणि असा गोड लावला की कादरच्या शेजारचा म्हातारा डोळे पुसायला लागला. शेकडो माणसांपुढं चुकलो म्हणून बुवांचा फेटा काही खाली पडला नाही.

मागं टाळकऱ्यांत हौशीराम उभा होता. गळ्यात टाळाची दोरी, तिच्याशेजारी शिट्टीची दोरी. देवाच्या दारी शिट्टी कशाला, ते त्यालाच ठाऊक. पांडुरंग ऑफसाइड उभा आहे की काय, यावर लक्ष ठेवत असावा, असं कादरच्या मनात आलं आणि त्यानं लगेच मनातल्या मनात माफीही मागितली, पांडुरंगाची.

हंडी फुटली, पंगती बसल्या. हौशीराम दहीलाह्यांची बादली घेऊन वाढायला निघाला. पंगतीत चालतानाही छाती पुढं आणि नजर लांब कुठंतरी. कादरच्या द्रोणात पळी रिकामी करून तो पुढं सरकला, तेवढ्यात त्याचा पाय कादरच्या गुडघ्याला लागला.

हौशीराम चटकन वाकला. कादरच्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला.

कादर वर बघून हळूच म्हणाला, "मुद्दाम लाथ मारलीत काय, हौशीरामभाऊ?"

"छे, छे. चुकून लागला."

"मग नमस्कार कशाला केलात?"

"पाय लागला म्हणून."

"असं होय. मला वाटलं, कबुलीच दिलीत."

हौशीराम बादली घेऊन तिथंच थांबला. पलीकडच्या द्रोणांवर माशा बसायला लागल्या. समोरच्या पंगतीतल्या सावित्राबाईनं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. तेव्हा कुठं हौशीरामच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलं, एखाद्या गाडीला उशिरा सिग्नल मिळावा तसं. तो कादरजवळ उकिडवा बसला.

"कादरभाई, खरं सांगू? मला दिसलंच नव्हतं. त्या पोरीचा हातच तेवढा दिसला."

"हे मला नका सांगू. कमिटीला सांगा."

"तसं सांगितलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. शिट्टी जाईल माझी."

"शिट्ट्या माझ्या दुकानात घंट्यांच्या शेजारी टांगलेल्या असतात," कादर म्हणाला. "हवी ती घेऊन जा. डोळे मात्र मी ठेवत नाही."

हौशीरामनं हातातल्या पळीकडे बघितलं. मग मांडवाच्या टोकाकडे, जिथं बुवा एका पोराच्या द्रोणातला काला आपल्या हातानं त्याच पोराला भरवत होते. तो उठला, बादली शेजारच्याकडे दिली आणि दह्याचा हात धोतराला पुसून त्यानं फोन काढला.

बोलला काय, तर फेरविचाराअंती एक तांत्रिक बाब लक्षात आली असून खेळाडूच्या भवितव्याचा सहानुभूतीनं विचार करून कार्ड मागं घेण्याची शिफारस करीत आहे. चूक हा शब्द सगळ्या फोनभर कुठं आला नाही. कादर पंगतीतून उठून त्याच्या मागं उभा राहून कान लावून ऐकत होता. फोन ठेवून हौशीरामनं त्याच्याकडे बघितलं, बहुधा शाबासकीसाठी.

"मोठे उपकार झाले," कादर म्हणाला आणि जाऊन आपला उरलेला काला खाऊ लागला. अशा माणसाच्या हातचा होता, तरी गोड होता.

रविवारी पुण्याच्या मैदानात तेजल उतरली. सावित्राबाईही आली होती, नवीन लुगडं नेसून. कठड्याला धरून उभी. कादरनं तेजलला निघताना परत बजावलं होतं की पाय लागला तरी हात खाली ठेव. ती हो म्हणाली होती.

सामना ऐन रंगात असताना तेजलनं एका उंच पोरीचा चेंडू काढला. ती पोरगी पडली, आणि तिला ओलांडताना तेजलचा पाय तिच्या पाठीला लागला. कादरनं डोळे मिटून घेतले. मिटायच्या आधी तेजल वाकताना दिसलीच.

शिट्टी वाजली नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा चेंडू पार पलीकडे गेला होता. आजची रेफरी एक तरुण बाई होती, ती चेंडूपासून चार पावलांवर धावत होती. पडलेली पोरगी उठली होती, आणि पळता पळता तिनंही आपला हात छातीला लावला.

"काय म्हनली का ती शिट्टीवाली तेजीला?" सावित्राबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग बरी हाय. शिकलेली दिसतीया," सावित्राबाई म्हणाली, आणि पदराची गाठ सोडून तिनं कालच्या काल्यातल्या सुक्या लाह्यांची पुडी कादरपुढं धरली.