माणिकप्पांची तिसरी खेळी

लातूरच्या बुद्धिबळ स्पर्धेत पाचव्या फेरीची यादी भिंतीवर लागली आणि उज्वलानं आपलं नाव शोधलं. समोर नाव होतं माणिकप्पांचं. म्हणजे तिच्या बापाचं. तिनं मनानं, जातीबाहेर लग्न केलं त्याला नऊ वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून अप्पा पोरीशी चकार शब्द बोलले नव्हते. ते औशाला, ही नांदेडला. नातू झाल्याचा फोन आला, तो त्यांनी मुकाट बायकोच्या हाती दिला. माणसानं हट्टी असावं तरी किती! अप्पा दरवर्षी इथं खेळतात हे उज्वलाला ठाऊक होतं. बक्षीस-बिक्षीस सब झूट, ती आली होती अप्पांचा आवाज ऐकायला.

घड्याळ सुरू झालं. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. उज्वलाकडं पांढरी. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा. अप्पांनीच शिकवलेली सुरुवात. अप्पाही शिकवल्यासारखेच चालले, फक्त नजर पटावरून हलेना. आता उंट मधल्या घरी थांबवायचा. तिनं तो मुद्दाम पुढं नेला, थेट काळ्या प्याद्याच्या तोंडात. सात वर्षांची असताना ती हीच चूक रोज करायची, आणि उंट परत देत अप्पा म्हणायचे, "उजे, बघ की नीट." तेवढंच तिला हवं होतं. रागानं म्हटलं तरी चाललं असतं.

अप्पांचा हात प्याद्याकडं गेला, थांबला आणि मांडीवर जाऊन पडला.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. फुकटचा उंट समोर, पण अप्पा तो मारीनात आणि तोंडही उघडीनात. डोळे मात्र भरले होते. अगं बाई, मग तू तरी बोल की! पण खेळताना बोलायचं नाही असा नियम, आणि दोघंही त्या नियमाआड लपली. खाण तशी माती, दुसरं काय.

अप्पांच्या घड्याळात शून्य आलं. पंचांनी येऊन उज्वला जिंकल्याचं सांगितलं. अप्पांनी सही केली, रीतीप्रमाणं हात पुढं केला. तिनं धरून ठेवायच्या आत तो सुटला.

सहाव्या फेरीला अप्पांची खुर्ची रिकामी. पंचांनी विचारलं, माणिकप्पांना कुणी ओळखतं का.

उज्वला उभी राहिली. "माझे वडील हायत ते," ती म्हणाली, आणि भर हॉलमध्ये तिला रडू फुटलं.

तोवर अप्पा औशाच्या गाडीत बसले होते.