खुंटांपाशी

पाकटाने नांगी मारली तेव्हा नीकानोर त्रेविन्योच्या तोंडून आवाज निघाला नाही. या जागी गप्प राहायची त्याला अकरा वर्षांची सवय होती.

सकाळचे सात वाजले होते. लागूना माद्रे या उथळ खाडीचं पाणी मांडीपर्यंत, कोमट, आणि इतकं नितळ की बुटांच्या नाड्या मोजाव्यात. गळाच्या काठीला नुकताच ट्राउट मासा लागला होता आणि नेमकी तेव्हाच दूरवरून गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणाऱ्या एका गाइडची होडी जात होती. अशा वेळी जे करतात तेच नीकानोरने केलं: वाकलेली काठी कोणाला दिसू नये म्हणून तिचं टोक पाण्यात बुडवलं आणि कंटाळल्यासारखा आभाळाकडे बघत उभा राहिला. माशाने डावीकडे ओढलं, नीकानोरने तोल सावरायला एक पाऊल मागे टाकलं, आणि ते पाकटाच्या पाठीवर पडलं. नांगी बुटाच्या काठावर, घोट्याच्या वर दोन बोटं लागली. मासा सुटला. होडी निघून गेली.

खरं तर या खाडीत कोणी पाऊल उचलून टाकत नाही. उन्हाळ्यात पाण्यात उतरायचं तर पाय तळावरून रेटत न्यायचा. चपटं, शेपटीत विषारी काटा असलेलं पाकट वाळूत अंग पुरून पडलेलं असतं. बुटाचा धक्का बसला की उठून जातं, वरून पाय पडला की शेपूट उचलतं. नीकानोरने स्वतःच्या मुलीला, ओदीलियाला, हे लिहायला-वाचायला यायच्या आधी शिकवलं होतं. पण पाय रेटले की गाळ उठतो. नितळ पाण्यात त्या गाळाची पिवळट रेघ बराच वेळ टिकते आणि ती कुठे जाते हे होडीत उभ्या असलेल्या कोणालाही दिसतं. म्हणून शेवटची तीस पावलं नीकानोर बगळ्यासारखा पाय उचलून चालायचा.

रेघ जिथे पोचली असती तिथे पाणगवतात एक खड्डा होता. एका खोलीएवढी पांढरी वाळू, आजूबाजूपेक्षा वीतभर खोल. ट्राउट त्याच्या कडेला, गवताच्या सावलीत तोंड काढून थांबायचे आणि बोय मासळीची पिल्लं उघड्यावर आली की झडप घालायचे. कधी शेपटीवर काळा ठिपका असलेला रेडफिशही यायचा. मध्यम मासे नीकानोर दोरीत ओवायचा. मोठे सोडून द्यायचा, कारण मोठा मासा दिसला की प्रश्न येतात. आयुष्यातले सगळ्यात मोठे सात ट्राउट त्याने इथे पकडले होते आणि ते त्याच्याशिवाय कोणीही पाहिले नव्हते.

विशेषतः फर्मीन कांतूने. फर्मीन ओदीलियाचा धर्मपिता. दोघं लहानपणी एकाच गल्लीत वाढले, पण तिचा बाप्तिस्मा झाल्या दिवसापासून रीतीप्रमाणे एकमेकांना कॉम्पाद्रे म्हणत आणि अहोजाहो करत. होडी फर्मीनची, कॉफीही त्याचीच. अंडं-चोरिसो भरलेल्या तोर्तिया नीकानोरच्या. दर शनिवारी होडी मधोमध नांगरायची, मग नीकानोर दक्षिणेला जायचा आणि फर्मीन उत्तरेला, पाण्यातल्या जुन्या पडक्या झोपडीच्या खुंटांपाशी. कारण अकरा वर्षांपूर्वी नीकानोरने त्याला सांगितलं होतं, "मोठे असतात ते खुंटांपाशी, कॉम्पाद्रे. मला मिळतात ती किरकोळ. तुमच्याकडे धीर आहे, तुम्ही तिकडे जा."

फर्मीनकडे खरंच धीर होता.

आता ओरडलं तर फर्मीन येणार. फर्मीन आला तर खड्डा दिसणार. खड्डा दिसला तर अकरा वर्षं दिसणार.

नीकानोरने ठरवलं, आधी साठ पावलं लांब जायचं आणि मग ओरडायचं. या वेळी तो पाय रेटत चालला. चौथ्या पावलाला कळ गुडघ्यापर्यंत आली, नवव्याला जांघेपर्यंत. चौदाव्या पावलाला त्याने टोपी काढून हलवली आणि ओरडला.

फर्मीनने घाई केली नाही, पण वाटेत थांबलाही नाही. आधी होडीपाशी गेला, नांगर काढला, इंजिन अर्धं उचलून होडी गवतावरून हळूहळू आणली. नीकानोरला काखेत हात घालून होडीच्या काठावर बसवलं, बूट काढला आणि पाय आमिषाच्या रिकाम्या बादलीत ठेवला.

"पाकट?"

"पाकट."

"त्याचं विष उष्णतेनं मरतं. सोसवेल तितकं गरम लागतं." फर्मीनने थर्मास उघडला आणि सगळी कॉफी बादलीत ओतली.

"साखर घातलीय?"

"दोन चमचे. पायाला चालत नाही का?"

नीकानोरने दात आवळले. कॉफी हळूहळू काम करू लागली. फर्मीन वाकून पाण्यात बघत होता.

"कुठे मारली?"

"इथंच."

"इथं गवत आहे, कॉम्पाद्रे."

"असेल."

"पाकट गवतात पडत नाही. वाळू लागते त्याला." फर्मीन सरळ उभा राहिला. होडीत उभं राहिलं की सगळं दिसतं. चौदा पावलांची पिवळी रेघ होडीपासून निघून खोलीएवढ्या पांढऱ्या वाळूपाशी संपत होती. तिच्या कडेला गवतातून एक लांब काळसर पाठ सरकली. मग आणखी एक.

फर्मीनने मान वळवून लांबच्या खुंटांकडे पाहिलं.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी त्या खुंटांपाशी उभा आहे. मला काय मिळालं माहितीय तुला? एक चपटा लेप मासा आणि एक टोपी."

बाप्तिस्म्यानंतर 'तू' पहिल्यांदाच आला होता.

"टोपी चांगली होती," नीकानोर म्हणाला.

"तुला कधी काही वाटलं नाही?"

नीकानोरने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "वाटलं. दोनदा."

"आणि?"

"दोन्ही वेळा तुम्ही झोपला होतात."

फर्मीनने आपली काठी उचलली. नीकानोरला वाटलं, आता होडी वळवणार, धक्क्यावर सोडणार आणि पुढच्या शनिवारी दाराशी त्याच्या गाडीचा भोंगा वाजणार नाही. पण फर्मीनने गळ फेकला. आमिष गवताच्या कडेला पडलं, दोन वेळा थरथरलं, आणि पाणी बादली उपडी केल्यासारखं फुटलं. काठी मुठीपर्यंत वाकली.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. तोच गाइड चार गिऱ्हाइकं घेऊन परत येत होता. बादलीत पाय घातलेला म्हातारा पाहून त्याने वेग कमी केला.

"सगळं ठीक ना, काका? पायाला काय झालं?"

ती होडी त्यांच्या होडीच्या तिप्पट वेगाची होती. दहा मिनिटांत धक्का, पंधरा मिनिटांत दवाखाना. नीकानोरच्या पायात अजून कोणीतरी तापलेला खिळा फिरवत होतं. त्याने फर्मीनकडे पाहिलं.

फर्मीनने काठीचं टोक पाण्यात बुडवलं होतं आणि तो कंटाळल्यासारखा आभाळाकडे बघत होता. रीळ बोटाने दाबून धरलं होतं; बोट पांढरं पडलं होतं.

"काही नाही," नीकानोर म्हणाला. "पाय धुतोय."

गाइडने बादलीत पाहिलं. "कशात?"

"कॉफीत. डॉक्टरनं सांगितलंय."

"बरं. मासे आहेत का इकडे?"

"गवत आहे," फर्मीन आभाळाला म्हणाला.

गाइड निघून गेला. लाटा विरेपर्यंत दोघं तसेच राहिले. मग फर्मीनने काठी वर उचलली. मासा अजून होता. पंचवीस इंच भरला. नीकानोरने पट्टी दोनदा लावली, कारण त्याच्या खड्ड्यातल्या मोठ्या माशाला पहिल्यांदाच साक्षीदार मिळाला होता, जरी मासा दुसऱ्याचा असला तरी. फर्मीनने तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला, शेपूट हलेपर्यंत थांबला आणि सोडून दिला.

"मोठा मासा दिसला की प्रश्न येतात," नीकानोरने समजावलं.

"कळतं मला," फर्मीन म्हणाला. "पाय बादलीतच ठेवा, कॉम्पाद्रे."

पुढच्या शनिवारी पहाटे दाराशी भोंगा वाजला. नीकानोरचा पाय फडक्यात गुंडाळलेला असल्यामुळे तो होडीतच बसला आणि फर्मीन खड्ड्यापाशी उतरला. शेवटची तीस पावलंही त्याने रेटतच टाकली. गाळ उठला तर उठला, तो म्हणाला, माझ्याकडे एकच थर्मास आहे. दुपारी आमिषाच्या दुकानात कोणीतरी त्याची माशांची दोरी पाहून विचारलं, कुठे मिळाले. फर्मीन म्हणाला, "खुंटांपाशी." नीकानोरपेक्षा चांगलं म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी खुंटांपाशी तीन होड्या होत्या. संध्याकाळी दुकानाच्या भिंतीवर नवा फोटो लागला: एक अनोळखी मुलगी, उन्हाने लाल झालेलं नाक, हातात सव्वीस इंची रेडफिश, आणि मागे स्पष्ट दिसणारे खुंट.

फर्मीन फोटोसमोर थांबला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मी तिथून हललो," तो म्हणाला, "आणि चौदाव्या दिवशी."

नीकानोर लंगडत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही मासा नीट पाहिला.

"मी तुम्हाला सांगितलंच होतं, कॉम्पाद्रे," तो म्हणाला. "मोठे असतात ते खुंटांपाशी."